पडवीत टांगलेली सायकल

मालवण तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर आहे. पत्र चार पानी आणि विचारलेला प्रश्न मात्र एका ओळीचा. नाव-गाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय. म्हणून एवढंच सांगते, की चौके परिसरातली एक वाडी, वय अठ्ठेचाळीस, घरात यजमान आणि सासूबाई, एकुलता मुलगा नोकरीसाठी पुण्याला. त्या लिहितात :

"मुलानं कॉलेजात असताना हट्टानं गिअरची, जाड टायरची सायकल घेतली. तो गेल्यापासून दोन वर्षं ती पडवीत टांगलेली. रोज केर काढताना मी मान वर करून बघायची. दिवाळीनंतर तपासणी केली, तर साखर सीमेवर आलेली. डॉक्टर म्हणाले, चालायला जा. चालायला गेले, तर प्रत्येक गडग्यापाशी कोणीतरी उभं, 'काय गो, खंय चललंस?' अर्ध्या तासात चालणं दहा मिनिटं आणि बोलणं वीस. मग एके दिवशी पहाटेच सायकल खाली काढली. शाळेत असताना भाड्याची सायकल दांड्याखालून पाय घालून चालवलेली, ती अंगात होती. महिनाभर कोणाला पत्ता नव्हता. काय सांगू ताई, सड्यावर सूर्य वर येताना मी एकटी असते आणि मला कोणी काही मागत नसतं. पण मागच्या महिन्यात घाटी उतरताना घसरले, कोपर सोललं. तेव्हापासून सासूबाईंचं एकच वाक्य, 'ह्या वयात पडलंस तर तुझा करतलो कोण?' यजमान काही बोलत नाहीत, पण सायकल पुन्हा त्यांनीच वर टांगली. मी सायकल सोडू का?"

सोडू नका. पण सासूबाईंचा प्रश्नही उडवून लावू नका, कारण तो साधा नाही. त्यात काळजी आहे, ती खरी. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली एखादी तरी बाई त्यांनी पाहिलेली असणार, कदाचित तिचं केलेलंही असेल. आणि त्याच वाक्यात आणखी एक गोष्ट आहे, ती त्यांनाही कदाचित जाणवत नसेल. घरातल्या पुरुषाला कधी कोणी 'पडलास तर तुझं कोण करणार' असं विचारत नाही. त्याचं करणारी ठरलेली असते. बाईचं करणारं माणूस घरात ठरलेलंच नसतं, म्हणून तिनं पडायचंच नाही! हे आपण इतकं मुरवून घेतलंय, की सायकलच काय, शिडीवर चढून माळ्यावरची बरणी काढतानासुद्धा मनात तेच येतं.

मी म्हणते, प्रश्न तसाच ठेवा आणि दोन्ही बाजूंनी विचारा. सायकल सोडली आणि साखर सीमा ओलांडून आत आली, तर मग तुमचं कोण करणार?

आता 'लोक काय म्हणतील' हे एकदाचं बोलून टाकू. आज सिंधुदुर्गात बाई स्कूटीवरून गेली, तर कोणी मान वळवून बघत नाही. शिक्षिका जातात, परिचारिका जातात, मासळी बाजारात जाणाऱ्या जातात. तीच बाई सायकलवर दिसली की मात्र गंमत होते. सायकल म्हणजे एक तर गरिबी, नाही तर पोरकटपणा, असं काहीतरी आपल्या डोक्यात बसलंय. पेट्रोल जाळलं की प्रतिष्ठा, स्वतःचे पाय वापरले की थट्टा. ह्याला काय म्हणावं!

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची हकिगत तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. १९९१ साली तिथं साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत ह्या बाई तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी अक्षरओळखीच्या जोडीला सायकल शिकवणं घेतलं. शेतमजूर बाया, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीच्या सेविका, सगळ्या सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ह्यावर लिहिलंय, आणि त्यांच्या लेखी शिकलेल्या बायकांचा आकडा लाखाच्या वर जातो. सुरुवातीला त्यांनाही वाटेल ते बोललं गेलं. मला त्यातली एक बारीकशी गोष्ट फार आवडते. त्यातल्या कित्येकींनी लेडीज सायकल न घेता दांड्याची पुरुषी सायकलच पसंत केली. का? तर दांड्यावर पोर बसवता येतं! लोक काय म्हणतील ते म्हणोत, बाईनं आपली सोय बरोबर पाहिली.

ही झाली तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या पुण्याच्या प्रीती मस्के तर अगदी अलीकडच्या. दोन मुलांची आई. आजारपणातून आणि मनाच्या खचलेपणातून बाहेर पडायचं म्हणून चाळिशीच्या सुमारास त्यांनी सायकल हाती घेतली. जून २०२२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्या लेहहून मनालीपर्यंतचं ४३० किलोमीटरचं अंतर एकट्यानं ५५ तास १३ मिनिटांत सायकलनं गेल्या. त्याच वर्षी गुजरातच्या टोकापासून अरुणाचलच्या टोकापर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर, तेही १४ दिवसांत. आपण हे करायचं, असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याला कुंभारमाठचा चढ न उतरता पार झाला तरी पुष्कळ. सांगायचं एवढंच, की पंचेचाळिशीचं शरीर म्हणजे उतरणीला लागलेली गाडी नव्हे.

मुलाच्या त्या जाड टायरच्या सायकलीबद्दल दोन शब्द, कारण ती तुमच्या सड्यासाठीच केल्यासारखी आहे. ह्या जातीची सायकल जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या मॅरिन भागात, १९७० नंतरच्या दशकात. तिथल्या तरुण मंडळींनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फुगीर टायरच्या जुन्या सायकली भंगारातून काढल्या आणि टॅमलपाइस नावाच्या डोंगरावरून मातीच्या वाटेनं खाली सोडल्या. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसात असे. उतरून येईपर्यंत तो इतका तापे, की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर नव्यानं ग्रीस भरावं लागे. १९७६ साली त्यांनी त्याच भागात शर्यत भरवली, ती ह्या ग्रीस भरण्याच्याच नावानं ओळखली जाते. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ ह्या गृहस्थानं खास डोंगरवाटेसाठी नवी सायकल घडवली. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाईही होती. त्या दिवसांची छायाचित्रं आज आहेत ती बहुतेक तिच्यामुळेच. म्हणजे पडवीतली ती वस्तू काही कॉलेजकुमारांची मिरासदारी नव्हे. जुनं बाहेर काढून वापरात आणण्यातूनच ती जन्मली आहे.

आता शरीराचं. हे सगळं मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारून लिहिते आहे, त्यामुळे निर्धास्त वाचा.

साखर सीमेवर म्हणजे काय, तर तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीत आकडा ५.७ ते ६.४ च्या दरम्यान. हा मधुमेह नव्हे, पण दारावरची थाप आहे. मांडीचे स्नायू हे शरीरातले मोठे स्नायू, आणि ते कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, इन्शुलिनची फारशी वाट न बघता. चाळिशीनंतर बसून राहिलं तर हेच स्नायू झिजतात. म्हणून सायकल ह्या बाबतीत फार गुणाची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेला सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाचा आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम कसं ओळखायचं? बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप.

पण सायकलीला सगळं येत नाही, हेही सांगायला हवं. पाळी जायच्या सुमारास आणि नंतरची काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. हाडांना बळ येतं ते त्यांच्यावर अंगाचा भार पडला म्हणजे. सायकलवर भार सीटवर असतो, हाडांवर नाही. त्यामुळे नुसती सायकल चालवून हाडं मजबूत होत नाहीत. जोडीला चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं हवंच. गंमत म्हणजे घाटीत धाप लागली की आपण उतरून सायकल ढकलत नेतो ना, ते हाडांच्या दृष्टीनं उत्तम! त्यात कमीपणा मानू नका. आणि अंगाच्या वाफा येतात, घाम फुटतो, तो त्रास सायकलीनं थांबेलच असा शब्द मी देणार नाही. झोप मात्र सुधारते आणि चिडचिड कमी होते, हे बहुतेकींचं सांगणं आहे.

सुरुवात करण्याआधी दोन तपासण्या करून घ्या, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत अंगावरून जास्त जातं, आपण ते दुखणं मानतच नाही, आणि मग चढावर छाती भरून येते तेव्हा म्हणतो 'वय झालं'. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल, तर ते वय नव्हे, रक्त कमी आहे, आणि त्याला औषध आहे. छातीत दाटणं, डावा हात किंवा जबडा भरून येणं, चक्कर येणं, असं काही झालं तर मात्र लगेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा, 'पित्त असेल' म्हणून घरी यायचं नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी व्यायामाची वेळ डॉक्टरांना सांगून ठेवावी. साखर एकदम उतरू शकते. पदरी गुळाचा खडा किंवा चार साखरेच्या गोळ्या असाव्यात.

आता पडण्याचं. तुम्ही घसरलात ते वयामुळे नाही, असं पत्रावरूनच मला वाटतं. उतारावर घाबरून ब्रेक करकचून दाबला असणार आणि तो वळणावरच दाबला असणार. जांभ्याच्या बारीक खड्यांवर असं केलं की विशीतला मुलगाही घसरतो. म्हणून हे नीट वाचा, हवं तर कापून ठेवा.

आधी सीट बघा. मुलगा उंच असेल, तर सीट तुमच्यासाठी चुकीची आहेच. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पॅडल मारताना गुडघ्यात अगदी थोडा बाक राहतो, तो योग्य. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि बाई म्हणते सायकलनं गुडघे गेले! सड्यावर आणि घाटीत मात्र सीट दोन बोटं खाली घ्या, म्हणजे लागलंच तर पाय पटकन जमिनीला टेकतो. जमिनीवर दोन्ही पाय ठेवून उभं राहिल्यावर मधला दांडा अंगाला लागत असेल, तर ती सायकल तुमच्या मापाची नाही. त्यावर हट्ट नको.

उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र, हलक्या हातानं, आणि वळण यायच्या आधी. वळणात ब्रेक नाही. नुसता पुढचा दाबला तर सायकल तुम्हाला पुढे फेकते, नुसता मागचा दाबला तर चाक फरपटतं. खडबडीत उतार आला की सीटवर बसून राहू नका. दोन्ही पॅडलं आडवी समपातळीत ठेवून त्यांवर उभं राहा, गुडघे आणि कोपरं सैल, बूड सीटच्या जरा मागे. दळायला जात्याशी बसल्यावर हात आवळून धरला तर खांदा भरून येतो, सैल धरला तर दोन पायली दळून होतं, तसंच हे. नजर चाकापुढच्या खड्यावर नको, दहा-पंधरा हात पुढे. ज्या खड्याकडे बघाल त्याच खड्यावर सायकल जाते, हे मात्र अगदी खरं.

चढासाठी गिअर. पुढची लहान चकती आणि मागची मोठी, हा सगळ्यात हलका गिअर. तो चढ सुरू व्हायच्या आधी टाकायचा. चढात अडकल्यावर जोर लावत गिअर बदलला, तर चेन कटकट करते, प्रसंगी तुटते. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरतात आणि पुढे सरकल्यासारखं वाटत नाही, पण गुडघ्याला तेच हवं. मांड्या दगड करून जड गिअर ओढण्यात शौर्य नाही. टायरच्या बाजूला हवेचा कमाल आणि किमान दाब छापलेला असतो. डांबरी रस्त्याला हवा जास्त, सड्याला थोडी कमी, पण छापलेल्या मर्यादेतच. आणि हेल्मेट. ह्यावर चर्चा नाही. कोपर सोललं तर हळद आहे, डोक्याला हळद लागत नाही.

सुरुवात घाटीत करूच नका. मालवणाजवळच्यांना वायरी-तारकर्लीचा माडांमधला रस्ता आहे, सपाट आणि सावलीचा. फक्त पर्यटकांच्या गाड्या जाग्या व्हायच्या आत. चौक्याकडच्यांना धामापूरच्या तळ्यापर्यंतचा रस्ता सुरेख. थोडा चढ, थोडा उतार, आणि शेवटी देवळापाशी टेकायला जागा. महिन्याभरानं हात बसला की मग पाणंदीतून आणि सड्यावरून. ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवरून सायकल चालवायला फार मौज येते, मी नाही म्हणणार नाही, पण त्याचे पैसे सायकलीला मोजावे लागतात. ते पुढे सांगते.

सड्याच्या काही खास गोष्टी बाहेरच्यांना सांगाव्या लागतात, तुम्हाला फक्त आठवण. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा सडा वर्ज्य, डांबरी रस्ताच बरा. चिऱ्यांच्या सोडलेल्या खाणी पाण्यानं भरल्या की तळ्यासारख्या दिसतात आणि कडा सरळ तुटलेली असते. त्यांच्या काठानं जायचं नाही. दगडांच्या राशीवर विसाव्याला बसायचं नाही, फुरशाला हीच जागा आवडते. पायात बूट, सपाता नव्हेत. पावसाळ्यात खरचटलं आणि शेतातलं पाणी लागलं, तर जखम साबणानं धुवा, आणि आठ-दहा दिवसांत ताप-अंगदुखी आली तर डॉक्टरांना ती जखम आवर्जून सांगा. लेप्टोचा ताप आपल्या जिल्ह्याला नवा नाही.

आणि माझी एक कळकळीची विनंती. चोरून चालवणं बंद करा. तुमच्या पडण्यात मला सगळ्यात भीती वाटली ती कोपराची नाही. तुम्ही कुठे आहात हे त्या वेळी जगात कोणालाच माहीत नव्हतं, ह्याची वाटली. अंधारात निघायचं, लपतछपत परतायचं, घाई करायची, मग पडणारच की! उजाडल्यावर निघा. मागे लाल दिवा लावा. सासूबाईंना सांगून जा, कुठल्या वाटेनं जाते आणि किती वाजता येते ते. आठला येते म्हणालात तर पावणेआठला या. दोन आठवडे असं वेळेवर आलात की त्यांचा जीव खाली बसेल. येताना कधी दुधाची पिशवी, कधी त्यांचं गुडघ्याचं मलम आणा. सायकल घराच्या कामाला आली की तिला घरात जागा मिळते. हे मला स्वतःला तितकंसं पटत नाही, बाईच्या एका तासाला दुधाची पिशवी कशाला लागावी? पण घर चालवायचं, तर पटणाऱ्याच गोष्टी करून चालत नाही. यजमानांनी सायकल टांगली म्हणता. त्यांनाच खाली काढायला सांगा, आणि चाकात हवा भरायलाही. न बोलणारी माणसं काम दिलं की सामील होतात.

साडीवर ही सायकल नको, चेनला झाकण नसतं. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी घरी ठेवून जा. ओढणी चाकात गेली तर काय होतं ते सांगायला नको. सलवारीची उजवी मोहरी रबरानं बांधा. आपण मोठ्यानं बोलत नाही असंही थोडं सांगते. सीट मऊ आणि रुंद म्हणजे चांगली असं नव्हे. आपली बसण्याची दोन हाडं तिच्यावर नीट टेकली पाहिजेत आणि पुढचं नाक नाजूक जागी दाबता कामा नये. लागत असेल तर नाक अगदी किंचित खाली करा. आतले कपडे सुती आणि मधोमध जाड शिवण नसलेले. घरी आल्यावर घामाचे कपडे तसेच ठेवून चहा टाकायला जाऊ नका, आधी बदला. लघवीची जळजळ होते ती ह्यानंच. खोकताना-शिंकताना किंवा खड्यांवर सायकल आदळताना थेंब जात असतील, तर लाजून घरी बसू नका. त्यावर साधे व्यायाम आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ ते शिकवतात, आणि उपाय होतो.

खाण्याचं फार सांगत नाही, आपल्याकडे सगळं आहे. निघताना उपाशी नको, पेजेची वाटी पुरे. साखर सीमेवर असणाऱ्यांनी पेजेतला भात मोजूनच घ्यावा आणि सोबत मूठभर भिजवलेले मूग घ्यावेत. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा नाचणीची भाकरी किंवा आंबील हाडांसाठी सोडू नका. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळीही तशीच. आल्यावर कोकमाचं आगळ पाण्यात मीठ घालून. साखर घालून सरबत केलंत तर केलेला व्यायाम पेल्यात बुडाला म्हणून समजा.

वाळूचे पैसे कसे मोजावे लागतात, ते आता. किनाऱ्यावरची खारी हवा लोखंड खाते, हे आपल्या विळी-कोयत्यांना विचारा. वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात गेलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्यानं हलकेच धुवायची, कोरडी करायची आणि चेनवर कडीकडीला थेंब-थेंब तेल. खोबरेल नको, ते चिकटतं आणि वाळू धरून ठेवतं. सायकलच्या दुकानात चेनचं तेल मिळतं, अगदीच नसेल तर शिवणयंत्राचं पातळ तेल चालवून घ्या. तेल सोडल्यावर फडक्यानं वरचं पुसून काढा. ब्रेकची गोल चकती असेल तर तिच्यावर तेलाचा थेंबही पडता कामा नये, पडला तर ब्रेक लागत नाही.

ह्याच विषयावर आणखी तिघींनी विचारलंय, की आम्हाला सायकल मुळीच येत नाही, पंचेचाळिशीत शिकता येईल का? येईल, आणि कोणी मागे धरून पळायची गरज नाही. सायकलीची दोन्ही पॅडलं काढून टाका. सीट इतकी खाली घ्या, की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील. घरापुढचं सारवलेलं खळं किंवा शाळेचं मैदान, अगदी थोडा उतार असेल तर उत्तम. बसून पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं, लहान पावलं, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय क्षणभर उचलून. तोल पायात नसतो, हँडलच्या बारीक हालचालीत असतो, आणि तो तीन-चार दिवसांत येतो. वीस-पंचवीस हात पाय न टेकता जाता आलं, की पॅडलं परत बसवा. बसवताना एक जपा. डाव्या बाजूच्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून घट्ट होतं. आधी नुसत्या बोटांनी फिरवून बघा, सहज गेलं तरच पाना लावा. जोर करून बसवलंत तर आटे जातात, आणि मग अख्खा दांडा बदलावा लागतो.